हमाल काठावर थांबतो

खड्ड्याच्या काठाशी येऊन हमाल आपणहून थांबला. दर्शनाने रिमोटचं बटण दाबलेलंच होतं, अंगठा तसाच रुतलेला होता, तरी तो थांबला. दोन्ही हात पसरून, गोल डोळे आणखी गोल करून, आई मुलाला दटावते तशा लाडिक आवाजात काहीतरी इंग्रजी चुकचुकला आणि एक पाऊल मागे सरला. तिने त्याला पुन्हा पुढे लोटलं. पुन्हा काठ, पुन्हा पसरलेले हात, पुन्हा ते चुकचुकणं. खड्डा समोर होता. तोच होता, चौथ्या जंगलातला, दोन वाकड्या झाडांच्या मधला. आता त्याच्या तोंडाशी निळसर धुकं तरंगत होतं, गवताची पाती वाऱ्यावर हलत होती, झाडांच्या सालीवरच्या भेगासुद्धा कुणीतरी हौसेने कोरून काढल्या होत्या. सगळं होतं. फक्त पडता येत नव्हतं. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि जमीन आधीच लागावी, तेव्हा अख्ख्या अंगाला बसतो तसा हिसका दर्शनाला बसला. दुखत काहीच नाही, पण कुणीतरी आपल्याला फसवलं असं वाटत राहतं.

मांडीवर नीला झोपली होती. दूध पिता पिताच झोपलेली, ओठाच्या कोपऱ्यात अजून एक थेंब, आणि मूठ आईच्या गाऊनच्या बटणावर आवळलेली. ही झोप किती टिकेल ते कुकरच्या शिट्टीवर, बेलवर, शेजारच्यांच्या ड्रिलवर अवलंबून. एवढ्या चोरट्या वेळात आंघोळ करावी, केस विंचरावेत, की सरळ डोळे मिटावेत, असा रोजचा हिशोब. आज तिने रिमोट हातात घेतला होता. तिच्या नवऱ्याने, सुबोधने, तो गेम आणला होता शुक्रवारी, ऑफिसातून येताना, पाठीमागे लपवून. "ओळख बघू काय आणलंय. तुझा हमाल आलाय परत, नव्या कपड्यांत." रजा संपून ती कामावर जाणार म्हणून ही भेट. त्या खोक्यावर चकचकीत अक्षरांत 'टंबल टिको' असं नाव होतं. त्याचं नाव टिको आहे हे दर्शनाला वयाच्या तिशीनंतर कळलं. तो कुठल्याशा ताऱ्याचं बी पाठीवर घेऊन निघालेला दूत आहे आणि त्याला एक हरवलेली बहीण आहे, हेही सुरुवातीच्या लांबलचक चित्रफितीत कळलं. तिला हसू आलं. लहानपणी पंतनगरच्या म्हाडा वसाहतीत त्याला सगळे हमालच म्हणायचे. पाठीवर पोतं आहे, सारखा पळतोय, कुणी पाणी विचारत नाही. दुसरं कोण असणार?

आत सासूबाईंनी कढईत बांगडा सोडला. चर्र झालं. नीलाची पापणी थरथरली, मूठ सैल झाली, पुन्हा आवळली. दर्शना श्वास धरून बसली. फोन बाजूला उपडा पडला होता. तो उलटा ठेवला म्हणून त्यातला मेसेज थोडाच पुसला जाणार होता. काल संध्याकाळपासून तो तिच्या डोळ्यांमागे जाऊन बसला होता. नंदकुमार सरांचा. 'सोमवारपासून तू ऑफिसातच बस. जोगेश्वरीचं काम मी दुसऱ्याला देतो. बाळ लहान आहे, परांच्यांवर चढायची काही गरज नाही. नुसते रिपोर्ट बघायचे. आज-उद्यात ओके कळव, म्हणजे साइटच्या माणसांना तसं सांगतो.' खाली हात जोडलेलं चित्र आणि एक हसरा चेहरा. त्यात एक शब्द वावगा नव्हता. सर भले माणूस. तिला इंजिनियर म्हणून पहिल्यांदा परांचीवर, बांबूंच्या त्या मचाणावर, चढवलं ते त्यांनीच. जुन्या इमारतीच्या खांबाला कान लावायला, हातोडीने हलकेच ठोकून आतलं काँक्रीट भरीव आहे की पोपडा सुटून पोकळ झालंय ते ओळखायला शिकवलं तेही त्यांनीच. भरीव असेल तर हातोडी टणकन परत येते, मनगटात नाचते. पोकळ असेल तर बद्द आवाज, आणि मनगटाला काहीच कळत नाही, हातोडी आत कुठे विरून जाते. हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण हाताला यायला वर्षं लागतात. दर्शनाच्या हाताला ते आलं होतं. नीला पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत ती चढत होती आणि सर ओरडत होते. जोगेश्वरीच्या त्या सोसायटीचे खालचे मजले तिनेच ठोकले होते. वरचे राहिले होते, आणि तिच्यासाठी म्हणा, सोसायटीच्या भांडणांमुळे म्हणा, अजून राहिलेच होते. सोमवारी परांच्या पुन्हा बांधल्या जाणार होत्या. आज ओके लिहिलं की झालं. एकदा ऑफिसात बसलेली बाई पुन्हा वर चढत नाही. तिने तिच्याच ऑफिसात पाहिलं होतं. आधी बाळ लहान, मग शाळा, मग गुडघे. कुणी अडवत नाही. काठ आला की तुम्हीच थांबता आणि चुकचुकता.

हा विचार तिला आवडला नाही, कारण तो फार नीट बसत होता. तिने पुन्हा रिमोट उचलला आणि हमालाला लांबून पळवत आणला, ऐन काठावर उडी मारायला लावली. ह्या वेळी तो उडाला. पार खड्ड्याच्या मध्यावर गेला, खाली यायला लागला, धुक्यात पाय बुडाले. मग कुठूनसा एक गुबगुबीत ढग आला, त्याने हमालाला अलगद झेललं, गोल फिरवलं आणि काठावर आणून ठेवलं. वर तीन सोनेरी तारे चमकले. छान प्रयत्न केल्याबद्दल.

"बरंय की," सुबोध मागून म्हणाला. तो बर्फ घेऊन आला होता सोलकढीसाठी, पिशवी टपकत होती. "मरत नाही म्हणजे. टेन्शन नाही."

"टेन्शनच नाही तर खेळू कशाला?"

"अगं, त्यात जुन्या पद्धतीचं पण आहे. सेटिंगमध्ये बघ ना. मी वाचलंय सगळं."

"बघितलं. त्यातही ढग येतो. फक्त तारे देत नाही."

सुबोध हसला, जमिनीवर टेकला, नीलाच्या तळपायाला बोट लावायचा मोह आवरून बोट मागे घेतलं. "खड्ड्यात पडायचंच कशाला पण तुला? खड्डा ओलांडायचा असतो ना?"

"त्या खड्ड्यात पडायचं असतं. खाली वाट आहे. खाली पाण्याचं जंगल आहे, जांभळं, उलटे मासे आहेत त्यात."

"असं कुठे लिहिलेलं नाहीये, दर्शू. लोकांनी नेटवर अख्खे नकाशे टाकलेत. मी पाहिलेत तुझ्यासाठी. जांभळं जंगल नाहीये ह्या गेममध्ये." तो हे प्रेमाने म्हणाला, आजारी माणसाला ताप उतरला म्हणून सांगावं तसं. "लहानपणीचं सगळं मोठंच आठवतं यार. मला आमच्या गावची विहीर समुद्राएवढी वाटायची."

"मी विहिरीबद्दल बोलत नाहीये," दर्शना म्हणाली. तो बर्फ ठेवायला आत गेला.

ती पडद्याकडे बघत राहिली. पडदा मोठा होता, भिंतभर, आणि त्यावर काहीच खोटं दिसत नव्हतं. म्हणूनच सगळं खोटं वाटत होतं. पंतनगरचा टीव्ही एवढासा, बुद्धाच्या फोटोखालच्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात कायमचा हिरवा डाग. हमाल त्या डागात शिरला की हिरवा व्हायचा आणि बाहेर आला की पुन्हा लाल. दारं सगळ्यांची सताड उघडी, त्यामुळे गेम सुरू झाला हे गॅलरीच्या टोकापर्यंत कळायचं. कॅसेट काढायची, तिच्या पोटात फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. फुंकर सम्यकनेच मारायची; तो भाऊ मोठा, त्याच्या फुंकरीत काहीतरी आहे असं सगळ्यांनी ठरवलेलं. शेजारचा लवू यायचा, वरच्या मजल्यावरचा सहदेव यायचा. नियम होता, एक जान तुझी, एक जान माझी, मेला की रिमोट पुढच्याला. ह्या नियमात दर्शना नव्हती. तिच्यासाठी वेगळं काम होतं. रिमोटचं थांबवायचं बटण कधीच मोडलं होतं, त्यामुळे पोरांना पाणी प्यायला, भांडायला, खाली कुणाची शिट्टी आली म्हणून बघायला जायचं असेल तर खेळ उभा ठेवणार कोण? हमालाला कुठेतरी सुरक्षित जागी उभा करायचा, जिथे वटवाघूळ येत नाही, काटा येत नाही, आणि रिमोट दर्शनाच्या हातात द्यायचा. "नुसता धर. बटणाला हात लावायचा नाही. आम्ही आलोच." आणि ती धरायची. मांडी घालून, पाठ ताठ, दोन्ही अंगठे बटणांपासून मुद्दाम वर उचललेले. कितीतरी दुपारी ती अशी बसलेली. हमाल जागच्या जागी श्वास घ्यायचा, छाती वरखाली. दोघं एकमेकांकडे बघायचे. जगातला सगळ्यात चांगला सांभाळणारा हात म्हणून तिची ख्याती होती. लवूची आई म्हणायची, पोर गुणाची आहे हो, बसवलं तिथे बसते.

त्या दिवशी त्यांनी हमालाला ह्याच खड्ड्याच्या काठावर उभा केला होता. शेवटची जान उरली होती. खाली गणपती मंडळाचा टेम्पो आला म्हणून तिघं धावत गेले. नुसता धर. गॅलरीतून ऊन आत येत होतं, आई ड्यूटीवर, वडील पाण्याच्या टाकीच्या कामावर. तिला आठवतं ते असं, की खड्ड्याचा रंग काळा नव्हता. सगळे त्याला काळा म्हणायचे. पण इतका वेळ नुसतं बघत बसल्यावर तिला दिसलं, तळाशी एक बारीक जांभळी रेघ थरथरतेय. ज्यांना पळायचं असतं त्यांना ती दिसत नाही. तिचे अंगठे खाली आले. घाईने नाही. आधी उजवा, मग डावा. आणि हमाल त्याच्या पोत्यासकट पडद्याच्या खाली नाहीसा झाला. मरण्याचं जे रडकं संगीत असायचं ते वाजलं नाही. नुसती शांतता, इतकी लांब, की टेम्पोवरच्या पोरांचे आवाज पुन्हा ऐकू यायला लागले. मग वरून, पडद्याच्या माथ्यावरून, हमाल जांभळ्या पाण्यात उतरला. मासे उलटे पोहत होते. कुणीच पाहिलं नव्हतं असं जंगल, आणि त्यात ती एकटी. पोरं परत आली तेव्हा ती तीन पडदे पुढे गेली होती आणि रिमोट परत द्यायला तयार नव्हती.

हे झालं होतं. तिच्या अंगठ्यांत झालं होतं. नीलाच्या जन्माच्या वेळचं तिला धड आठवत नाही, त्या दिवसाचे तुकडे लोकांनी सांगितलेले आणि तिने जोडलेले आहेत. पण हे तिचं तिला आठवतं. तरी तिने फोन उचलला, सरांचा मेसेज अंगठ्याने बाजूला सारला आणि सम्यकला लावला. तो पवईला राहतो, रविवारी दुपारी झोपतो आणि झोपलो नव्हतो असं सांगतो.

"अरे, तो खड्डा नाहीये."

"कुठला? रस्त्यातला?" सम्यक जांभई देत म्हणाला. "मग आनंदाची गोष्ट आहे, फोटो काढून ठेव. उद्या असेल परत."

"हमालवाला. चौथ्या जंगलातला. नवीन गेम आलाय, त्यात पडताच येत नाही. सुबोध म्हणतो जांभळं जंगल नव्हतंच."

पलीकडे त्याचा आवाज बदलला, लहानपणी तिची पाटी फोडून तो असा बोलायचा. "होतं. पण फक्त आपल्यात होतं."

"म्हणजे?"

"आपली कॅसेट डुप्लिकेट होती गं. स्टेशनजवळच्या त्या माणसाकडची. मी हॉस्टेलला गेलो ना, तिथे एकाकडे ओरिजिनल होती. मी शायनिंग मारायला गेलो, बघा आता खड्ड्यात जातो, आणि मेलो. सगळे हसले. डुप्लिकेट बनवताना काहीतरी गडबड झालेली, कुठला तरी तुकडा कुठे जोडला गेलेला. ते जांभळं म्हणजे पण कचराच होता, चौथ्याचाच नकाशा उलटा आणि रंग बिघडलेला. वाट नव्हतीच ती. फॉल्ट होता."

"तू मला सांगितलं नाहीस."

"तुझं तोंड आठवून नाही सांगितलं. तू केवढ्या ऐटीत फिरायचीस अख्ख्या गॅलरीत. आणि खरं सांगू का, तू उडी मारलीच नव्हतीस. तुझा हात घसरला. आम्ही आलो तेव्हा तू रडत होतीस."

"मी रडत नव्हते."

"अगं, लवूला विचार. तुझा अंगठा लागला चुकून. आम्हीच म्हटलं जाऊ दे, लहान आहे, हिनेच शोधलं म्हणूया."

"हिनेच शोधलं म्हणूया?"

"रागावू नकोस ना. किती वर्षं झाली. भाचीला काय चाललंय?"

"झोपलीये," दर्शना म्हणाली. "घसरला नव्हता, सम्यक." आणि तिने फोन ठेवला, त्याला आणखी काही समजूतदार बोलायची संधी न देता.

आता खरं तर तिने खचायला हवं होतं. जंगल कचरा, वाट म्हणजे कुणा घाईतल्या माणसाची चूक, उडी म्हणजे घसरलेला अंगठा. एका फोनमध्ये सगळं सफाचट. ती वाट पाहत राहिली खचण्याची, दुखलेल्या दाताला जीभ लावून बघावी तशी. पण आत जे होतं ते खचणं नव्हतं. ते गरम होतं आणि वर चढत होतं. बरं, कॅसेट खोटी होती. तिला काय माहीत? तिला, सम्यकला, लवूला, कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या लेखी तो खड्डा म्हणजे मरणच होतं, शेवटची जान होती, तिघांचा मार होता, आणि त्या मरणात तिने हमालाला पोत्यासकट टाकलं होतं. खाली जांभळं निघालं ही कॅसेटची कमाल असेल. वरून पाऊल उचललं ते कुणाच्या फॉल्टमुळे? आणि घसरला. घसरला हा शब्द किती सोयीचा आहे. आठवीत गणितात पहिली आली तेव्हा पेपर सोपा होता. लव्ह मॅरेज केलं तेव्हा सुबोधने पटवली. परांचीवर चढली तेव्हा सरांनी चढवली. मूल झालं आणि रडू यायला लागलं तेव्हा हार्मोन. तिच्या हातून काही घडलं की कुणी ना कुणी मायेने पुढे होऊन म्हणतं, चुकून लागला गं अंगठा. आणि ती इतकी वर्षं मान डोलावत आली, कारण माया खरी असते. मायेशी भांडायचं कसं हे कुणी शिकवत नाही. पडद्यावर हमाल काठावर उभा राहून श्वास घेत होता. छाती वरखाली. आता त्याच्या छातीवर चांदीची गुंडीसुद्धा होती. तिला एकदम त्या ढगाचा मनापासून राग आला, जोगेश्वरीला किंवा इथे मुलुंडच्या घरात किंवा कुठेही आपल्याला आधीच झेलून ठेवणाऱ्या त्या गुबगुबीत, हसऱ्या ढगाचा. सेफ्टीचा पट्टा वेगळा. परांचीवर ती पट्टा लावते, स्वतःच्या हाताने आकडा अडकवते, दोनदा हिसडून बघते. तो तिचा असतो, आणि तो असतो म्हणूनच काठाच्या बाहेर झुकता येतं. ढग झुकूच देत नाही.

तिने टीव्ही बंद केला. त्या क्लिकने नीला जागी झाली, रडली नाही, डोळे उघडून आईच्या हनुवटीकडे बघत राहिली. दर्शनाने तिला खांद्यावर घेतलं, दुसऱ्या हाताने सरांना फोन लावला. मेसेज नको. मेसेजमध्ये तिचा आवाज मऊ होतो, चित्रं लावावीशी वाटतात.

"बोल गं," सर म्हणाले. मागे टीव्हीवर क्रिकेट. "वाचलास ना मेसेज?"

"वाचला सर. मी उद्या जोगेश्वरीला येतेय."

"अगं, नको. मी दुसऱ्या मुलाला सांगितलंय."

"त्याला सांगा नको म्हणून. खालचे मजले मी ठोकलेत, वरचे मीच ठोकणार. एकाच्या कानाने अर्धी आणि दुसऱ्याच्या कानाने अर्धी अशी इमारत ऐकायची नसते, हे तुम्हीच म्हणायचात."

सर हसले, मग हसणं थांबवलं. "दर्शना, मी तुझ्या वडिलांसारखा आहे. तुझ्या भल्यासाठी सांगतोय. बाळ आठ महिन्यांचं आहे. वर काही झालं तर?"

"माझे वडील मला टाकीवर चढवायचे सर. वरून सांगायचे, खाली बघ, कुठून पाणी झिरपतंय. भल्यासाठी म्हणत असाल तर परांचीवाल्यांना आडव्या वाशांच्या गाठी नीट बांधायला सांगा. ते माझ्या जास्त भल्याचं आहे."

"आणि मध्येच दूध पाजायला जावं लागलं तर? काम अर्धवट टाकून?"

"तुम्ही दर तासाला सिगरेटला उतरायचात, तेव्हा इमारत पळून जात नव्हती."

सरांनी क्रिकेटचा आवाज कमी केला. दर्शनाच्या कानाची पाळी तापली होती. आपण सरांशी असं बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं, आणि तरी शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. नीला तिच्या खांद्याचं कापड चघळत होती.

"बरं," सर शेवटी म्हणाले. "एक दिवस ये. बघू काय होतं."

"एक दिवस नाही सर. काम संपेपर्यंत. तुम्हाला चालणार नसेल तर आत्ता सांगा. मग मी दुसरीकडे चढेन, पण चढेन."

"बाई, तू भांडायलाच बसलीयेस आज," सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग होता, पण त्या रागात पूर्वीची, सातव्या महिन्यात ओरडायचे तेव्हाची ओळख होती. "ये. सकाळी नऊला ये. उशीर केलास तर त्या दुसऱ्या मुलाला वर पाठवीन."

फोन ठेवून ती वळली तर सासूबाई, प्रेमाबाई, स्वयंपाकघराच्या दारात, हातात झारा. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. प्रेमाबाईंच्या नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी घरोघरी चपात्या लाटल्या होत्या, उन्हातान्हात, कडेवर सुबोध; पण त्या दिवसांबद्दल त्या कधी बोलायच्या नाहीत, बोलल्या तर देवाने दिवस काढले असंच.

"तू कशाक गो वर चढतंस?" त्या म्हणाल्या. "पुरुष मेले आसत मां चढाक?"

"आहेत ना. पण त्यांना ऐकू येत नाही आई, मला येतं."

"तुका येता," त्या म्हणाल्या, आणि झारा टेबलावर ठेवून हात पदराला पुसले. "माका पटाक नाय हां, आधीच सांगतंय. पण तू जातलंस तां माका ठावक आसा. दी हय चेडवाक." त्यांनी नीलाला घ्यायला हात पुढे केले. " आणि जेवन घे गरम आसा तवसर."

जेवताना बांगड्याचा काटा काढत सुबोधने एवढंच विचारलं, "तो गेम परत करू? पावती आहे माझ्याकडे." ती नको म्हणाली. राहू दे, नीलाच्या बाबाला खेळायला बरा आहे, टेन्शन नाही. त्याने तिच्याकडे बघितलं, टोमणा आहे की काय ते कळेना, मग दोघंही हसले, आणि हसता हसता ती म्हणाली, "मी उडी मारली होती, सुबोध. हात घसरला नव्हता." त्याला सम्यकचा फोन माहीत नव्हता. तरी तो म्हणाला, "मारली असशील. तू मारशीलच." आणि पहिल्यांदाच कुणीतरी ते चुकीचं कारण न चिकटवता म्हटलं, म्हणून ती त्याच्या ताटातला बांगडा चोरून खाऊ शकली.

सोमवारी जोगेश्वरीला ऊन कडक होतं. परांचीवाला धोंडिराम जुना, तिला ओळखणारा. तिने आकडा अडकवला, हिसडला, पुन्हा हिसडला. पहिल्या वाशावर तिने पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. इतके महिने अंग दुसऱ्या कुणाचं होतं, त्याला आठवायला वेळ लागणार. ती चढली. खिडक्यांतून आतली घरं सरकत गेली, वाळत घातलेले टॉवेल, औषधांच्या बाटल्या, एक आजोबा तिच्याकडे बघून चहाचा कप उचलून दाखवणारे. वरच्या मजल्याच्या खांबाशी तिने हातोडी काढली. पहिला ठोका चुकला, मनगट कच्चं पडलेलं. दुसरा लागला. टण्. तिसरा, जरा वर. टण्. हाताला हळूहळू ओळख पटायला लागली, आणि तेवढ्यात त्याच मजल्यावर कुणाच्यातरी घरात एक तान्हं मूल रडलं. तिचं नव्हतं. तिचं मुलुंडला होतं, आजीच्या मांडीवर, बाटलीतलं दूध पीत. पण अंगाला हे कोण सांगणार? छातीत दोन्ही बाजूंना एकदम कळ भरून आली, टाचण्या टोचल्यासारखी, आणि खाकी शर्टावर दोन ओले गोल उमटले, वाढत गेले, पट्ट्याच्या कडेपर्यंत आले. तिने खाली बघितलं. धोंडिराम वर बघत होता. त्याने नजर चटकन दुसरीकडे नेली, मग जरा थांबून, भिंतीशी बोलावं तसा म्हणाला, "मॅडम, उतरताय का? शिडी धरू?"

मूल अजून रडत होतं. दूध गळत होतं, पोटावरून ओघळत होतं, गार लागत होतं वाऱ्याने. तिने शर्ट झाकला नाही, ओढणीसाठी हात गेला नाही, ओढणी नव्हतीच.

"नको," ती म्हणाली. "फळी अजून वर घ्या. छज्ज्याखालचं राहिलंय."

धोंडिरामने वरच्या पोराला हाक मारली, दोर ताणला गेला, फळी कुरकुरत वर आली. दर्शना तिच्यावर चढली, पट्ट्याच्या भरवशावर बाहेर झुकली, ओल्या छातीने तशीच, आणि छज्ज्याच्या पोटाला हातोडी मारून तिने कान दिला. बद्द. तिने खडूने तिथे मोठं वर्तुळ काढलं आणि पुढे सरकली.